एचआरव्ही: घड्याळातला आकडा मोजायचा कसा आणि वाचायचा कसा

स्मार्टवॉच घेतल्यावर पहिले चार दिवस पावलं मोजण्यात जातात. मग कधीतरी अॅप चाळताना ‘एचआरव्ही ३४’ असं दिसतं, शेजारी केशरी ठिपका असतो, आणि जिवाला घोर लागतो. एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती हलतं याचं माप, पण चौतीस म्हणजे कमी की जास्त? ऑफिसातल्या मित्राचा म्हणे अठ्ठ्याहत्तर येतो. मग आपल्या हृदयाचं काही बिनसलंय का?

मित्राचा आकडा विसरून जा. एकाच वयाच्या, एकाच इमारतीत राहणाऱ्या, सारख्याच धडधाकट दोन माणसांच्या एचआरव्हीत दुपटी-तिपटीचा फरक सहज असू शकतो. तुमचा आजचा आकडा तुमच्याच मागच्या काही आठवड्यांच्या आकड्यांशेजारी ठेवला, तरच त्यातून काही कळतं. तो तसा ठेवता यावा म्हणून काय काय करायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी नाडीवर बोट ठेवा

घड्याळ काढून ठेवा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं टेकवून नाडी शोधा. आता पाच सेकंद सावकाश श्वास आत, पाच सेकंद बाहेर. दोन-तीन श्वासांत लक्षात येईल की श्वास घेताना ठोके जरा भराभर पडतात आणि सोडताना रेंगाळतात. तरुण, निरोगी माणसाला हा फरक बोटाखाली स्पष्ट लागतो. साठीच्या पुढे लागेलच असं नाही, कारण वयाबरोबर तो कमी होत जातो. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४७ साली श्वास आणि नाडीचं हे नातं नोंदवून ठेवलं होतं.

तेव्हा ‘नाडी ७०’ ही निव्वळ सरासरी असते. प्रत्यक्षात दोन ठोक्यांमधलं अंतर कधी ८४० मिलिसेकंद, कधी ९१०, पुन्हा ८५० असं हलत असतं. या हलण्याचं माप म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, अर्थात एचआरव्ही.

ते हलतं कशामुळे? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. त्याला कुणी आवरलं नाही तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. आपण शांत बसलेलो असताना नाडी साठ-सत्तरवर असते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस ही नस त्याच्यावर सतत ब्रेक दाबून असते. श्वास घेताना हा ब्रेक थोडा सैल होतो, सोडताना घट्ट. व्हेगसचा परिणाम पुढच्या ठोक्यातच दिसतो. उलट, धावपळीच्या वेळी हृदयाला पळवणारी सिम्पथेटिक यंत्रणा अंमल दाखवायला काही सेकंद घेते. म्हणून ठोक्यागणिक होणारा चढउतार ही बहुतेक व्हेगसचीच करामत असते. ताण आला, ताप आला, झोप मोडली की ब्रेक ढिला पडतो. नाडी वाढते आणि चढउतार आटतो.

ब्रेक कशामुळे ढिला पडला, हे मात्र त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. साहेबांशी झालेली खडाजंगी, अंगात मुरत असलेला फ्लू आणि रविवारी मारलेली वीस किलोमीटरची दौड, तिन्हींनंतर घड्याळ एकसारखाच केशरी ठिपका दाखवील. कारण तुम्हालाच शोधावं लागतं.

तुमचं घड्याळ नेमकं काय दाखवतं?

एचआरव्ही हे एकच माप नाही, आणि इथेच नवखे अडकतात. नेहमी भेटणारी मापं दोन. एसडीएनएन म्हणजे सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन, आपण बारावीच्या सांख्यिकीत शिकलो होतो तेच. आणि आरएमएसएसडी, ज्यात लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक मोजतात. अॅपल वॉचच्या हेल्थ अॅपमध्ये एसडीएनएन दिसतं. गार्मिन, फिटबिट आणि औरा रिंग आरएमएसएसडी वापरतात. नवरा-बायकोची घड्याळं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर दोन आकड्यांची तुलना करून भांडण्यात काही हशील नाही.

आरएमएसएसडी कागदावर एकदा काढून पाहा, मग त्याचं गूढ राहत नाही. समजा लागोपाठची सहा अंतरं अशी आहेत: ८४०, ८७०, ९१०, ८९०, ८५०, ८३० मिलिसेकंद. शेजारशेजारचे फरक होतात ३०, ४०, २०, ४० आणि २०. त्यांचे वर्ग ९००, १६००, ४००, १६०० आणि ४००; बेरीज ४९००; पाचाने भागून ९८०; वर्गमूळ साधारण ३१. झालं, आरएमएसएसडी ३१ मिलिसेकंद. घड्याळ हेच शेकडो ठोक्यांवर करतं.

आता याच सहा अंतरांत एक ठोका अवेळी पडला असं धरा. चहा-कॉफी जास्त झाली, जागरण झालं किंवा काहीच कारण नसलं, तरी असे आगंतुक ठोके पुष्कळ निरोगी माणसांना अधूनमधून पडतात. अंतरं झाली ८४०, ८७०, ५६०, ११८०, ८५०, ८३०. तेच गणित पुन्हा केलं तर उत्तर येतं सुमारे ३४४. एका चुकार ठोक्याने आकडा अकरा पट! चांगली उपकरणं असे ठोके गाळून टाकतात, पण सगळीच आणि दर वेळी गाळतात असं नाही. एखाद्या सकाळी तुमचा चाळिशीतला आकडा अचानक दीडशेवर गेला तर पेढे वाटायची घाई करू नका. ते मोजमाप बाद धरा आणि पुन्हा मोजा.

साधारण अंदाज म्हणून एक नोंद देतो. निरोगी प्रौढांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१० साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात थोडा वेळ शांत पडून केलेल्या मोजणीत आरएमएसएसडी सरासरी ४२ मिलिसेकंद आली, पण वेगवेगळ्या अभ्यासांतल्या सरासरी १९ पासून ७५ पर्यंत पसरल्या होत्या. इतका पसारा असल्यावर ‘नॉर्मल किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही.

साधन कोणतं घ्यावं?

छातीला बांधायचा पट्टा सगळ्यात भरवशाचा. पोलर एच१० सारखा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट टिपतो, ईसीजीच्या तत्त्वावर, आणि ठोक्याठोक्याचं अंतर फोनवर पाठवतो. मनगटावरचं घड्याळ हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची लाट बघतं. हात हलला, पट्टा सैल असला, बोटं गार पडलेली असली की लाट पुसट होते. म्हणूनच बरीचशी घड्याळं आणि अंगठ्या एचआरव्ही रात्री, आपण निपचित झोपलेले असताना मोजतात. ती मोजणी बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून मोजणारी एचआरव्ही४ट्रेनिंगसारखी अॅपही आहेत. बोट स्थिर ठेवलं तर त्यांचं काम चांगलं चालतं, शिवाय वेगळं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

हजार-दीड हजाराच्या बँडवर ‘स्ट्रेस ६२’ असं दिसत असेल तर आधी त्या अॅपमध्ये मिलिसेकंदातला कच्चा आकडा कुठे सापडतो का ते बघा. नसेल सापडत, तर त्या बँडकडून पावलं मोजून घ्या आणि ताणाचा विषय सोडून द्या. शंभरपैकी गुण देणाऱ्या स्कोअरचा हिशेब कंपनीलाच ठाऊक असतो, आणि मला तरी अशा गुणपत्रिकेवर आपला दिवस कसा गेला हे ठरवणं पटत नाही.

मोजायची पद्धत

घड्याळ रात्रभर मोजत असेल तर तुम्हाला फक्त ते रोज घालून झोपायचंय. पट्टा किंवा कॅमेरा वापरणार असाल तर सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या, आणि चहाच्या आधी, व्हॉट्सअॅप उघडायच्या आधी मोजा. व्हॉट्सअॅपचं गमतीने म्हणत नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा वाद वाचून मोजलं तर मोजणीत तोही येतो. बसून मोजायचं ठरवलं तर रोज बसूनच, आडवं पडून ठरवलं तर रोज आडवंच. एक मिनिट शांत राहा, मग एक ते पाच मिनिटं मोजा. वैद्यकीय मानकांमध्ये, म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी १९९६ साली मिळून ठरवलेल्या नियमांत, थोड्या वेळाच्या मोजणीसाठी पाच मिनिटं सांगितली आहेत. घरच्या घरी आरएमएसएसडीसाठी एक-दोन मिनिटंही चालतात, फक्त रोज तेवढीच.

मोजताना श्वास नेहमीसारखा चालू द्या. मुद्दाम सावकाश श्वास घेतला तर आकडा तिथल्या तिथे फुगतो, कारण सावकाश श्वासाने ठोक्यांमधला चढउतार वाढतोच. ताण उतरलेला असो वा नसो. अॅपल वॉचमध्ये श्वसनाचं सत्र केलं की त्या वेळचीही एचआरव्ही नोंदली जाते. त्यामुळे काही दिवस सत्र केलं आणि काही दिवस नाही, तर आलेख उगाचच डोंगरदऱ्यांचा दिसतो. सत्र जरूर करा, पण त्या वेळच्या नोंदी बाजूला ठेवून तुलना करा.

पहिले तीन आठवडे नुसतं लिहा

या काळात कसलाच निष्कर्ष काढायचा नाही. गार्मिनची घड्याळंसुद्धा तुमची मूळ पातळी ठरवायला सुमारे तीन आठवडे घेतात आणि मग सात दिवसांची सरासरी त्या पातळीशी ताडून बघतात. तुम्हीही तेच करा. वही घ्या किंवा फोनमध्ये एक्सेल उघडा, आणि रोज एका ओळीत तारीख, एचआरव्ही, सकाळची नाडी, झोपेचे तास आणि एखादी टीप लिहा. टीप अशी: ‘लग्नाचं रिसेप्शन, अकराला जेवण’, ‘रात्रपाळी’, ‘घसा खवखवतोय’, ‘दोन पेग’, ‘पाळीचा आदला दिवस’.

बायकांनी शेवटची टीप आवर्जून लिहावी. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात बऱ्याच जणींची एचआरव्ही थोडी उतरते आणि नाडी थोडी चढते. हे माहीत नसेल तर दर महिन्याला ठरावीक दिवशी ‘माझं काहीतरी बिघडलंय’ असं वाटत राहतं.

तीन आठवड्यांनी वही उघडली की काही गोष्टी आपोआप डोळ्यांत भरतात. दारू बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या नंबरावर असते: रात्री पिऊन ‘मस्त झोप लागली’ म्हणणाऱ्याचा आलेख वेगळंच सांगतो, नाडी वर आणि एचआरव्ही खाली. उशिराचं भरपेट जेवण, अपुरी झोप, उन्हात दिवसभर हिंडून पाणी कमी पडणं, सवय नसताना केलेला दमवणारा व्यायाम, या सगळ्यांच्या खुणा दिसतात. काहींना सर्दी-ताप जाणवायच्या आधीच आकडा घसरलेला सापडतो.

मग आकडा वाचायचा कसा?

एका दिवसाच्या आकड्याकडे चक्क कानाडोळा करा. सात दिवसांची सरासरी तुमच्या नेहमीच्या पट्ट्याच्या, म्हणजे पहिल्या तीन आठवड्यांत आकडे ज्या मर्यादेत फिरले तिच्या, खाली गेली, आठवडाभर तिथेच राहिली आणि सोबत सकाळची नाडीही चढलेली असली, तर थांबून विचार करा. वहीत कारण सापडलं, समजा मार्चअखेरची ऑफिसातली धावपळ किंवा घरातलं आजारपण, तर तो आठवडा व्यायाम हलका ठेवा आणि झोपेला वेळ द्या. मॅरेथॉनची तयारी करणारे असंच करतात: आकडा नेहमीच्या पट्ट्यात असेल त्या दिवशी वेगाचा सराव, खाली असेल तर नुसतं हलकं पळणं.

दोन-तीन वर्षांत आलेख हळूहळू उतरला तर तो वयाचाही भाग असतो. तिशीतला आकडा पन्नाशीत मागू नये.

आणि जास्त म्हणजे चांगलं असंही डोळे झाकून धरू नका. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाची लयच विस्कटते, दोन ठोक्यांमधली अंतरं वाट्टेल तशी पडतात आणि एचआरव्ही खोटीखोटी भरघोस दिसते. आकडा बरेच दिवस विचित्र वर असेल, नाडी बोटाला कशीही उड्या मारताना लागत असेल, धडधड किंवा धाप असेल, तर ईसीजी काढून घ्या. औषधांचाही विचार हवा. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर (हृदयाचा वेग आवरणारी गोळी) चालू असेल तर नाडी उतरते आणि एचआरव्ही वाढू शकते. अमिट्रिप्टिलिन, जे मायग्रेन आणि नसांच्या दुखण्यावरही देतात, ते एचआरव्ही कमी करतं. गोळी सुरू झाली किंवा बदलली की त्या तारखेला वहीत आडवी रेघ मारा आणि मूळ पातळी नव्याने ठरवा. आकडा सुधारावा म्हणून मनानेच गोळी बंद करण्याचा वेडेपणा मात्र करू नका.

आकडा वाढवायचा असेल तर

नियमित चालणं-पळणं-पोहणं, वेळेवर झोप, दारू-सिगारेट कमी. कंटाळवाणी यादी आहे, पण काही आठवड्यांत मूळ पातळीवर परिणाम दिसतो तो बहुतेक याच गोष्टींचा.

श्वासाबद्दल मात्र थोडं थांबून सांगण्यासारखं आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की श्वासाची लय आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची लय जुळते आणि नाडीचा चढउतार सगळ्यात मोठा होतो. इटलीतल्या लुचिआनो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. २३ निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला. योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायचं काम आपल्याकडेही जुनंच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं ते याच हेतूने.

तुम्ही करायचं एवढंच: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, दिवसातून दहा मिनिटं. श्वास रोखून धरायचा नाही, छाती फुटेस्तोवर भरायचाही नाही. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर तुम्ही गरजेपेक्षा खोल श्वास घेताय; लय तीच ठेवून श्वास उथळ करा.

हृदयाच्या धोक्याचं काय?

एचआरव्हीचं वैद्यकीय महत्त्व आधी पोटातल्या बाळांमध्ये दिसलं. १९६३ साली हॉन आणि ली यांनी दाखवलं की बाळ गुदमरायला लागलं की नाडीचा वेग बदलायच्याही आधी ठोक्यांमधला चढउतार बदलतो. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वुल्फ आणि सहकाऱ्यांना हार्ट अॅटॅकनंतर चढउतार कमी असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. मग १९८७ साली क्लायगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला: हार्ट अॅटॅकमधून वाचलेले ८०८ रुग्ण, प्रत्येकाचं चोवीस तासांचं होल्टर रेकॉर्डिंग, म्हणजे अंगावर बांधलेल्या छोट्या यंत्राने सलग काढलेला ईसीजी. ज्यांचं एसडीएनएन ५० मिलिसेकंदांच्या खाली होतं त्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांपेक्षा ५.३ पट निघाला.

हे ‘५० च्या खाली’ वाचून पुष्कळ लोक आपल्या घड्याळाकडे बघून हबकतात. तो आकडा चोवीस तासांच्या एसडीएनएनचा आहे आणि ज्यांना नुकताच अॅटॅक येऊन गेला अशांचा. चोवीस तासांत झोप, जिना, जेवण सगळं येतं, त्यामुळे ते माप मुळातच मोठं असतं. घड्याळाच्या एका मिनिटाच्या एसडीएनएनला किंवा रात्रीच्या आरएमएसएसडीला ती ५० ची रेघ लावता येत नाही. शिवाय कमी एचआरव्ही आजारासोबत दिसते, म्हणून तिच्यामुळेच आजार होतो असं नव्हे. चाळिशीनंतर धोका खरंच जाणून घ्यायचा असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर आधी मोजा. एचआरव्ही त्यांच्या रांगेत बरीच मागे उभी आहे.

मधुमेह असलेल्यांसाठी मात्र हा विषय जास्त जवळचा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली छापलेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसांसारखीच व्हेगसही झिजते, आणि त्याची एक लवकरची खूण म्हणजे श्वासाबरोबर होणारा नाडीचा चढउतार कमी होणं. एडिंबरामध्ये ईविंग आणि क्लार्क यांनी रुळवलेली त्याची तपासणी अगदी साधी आहे. रुग्णाला ईसीजीला जोडून मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावतात आणि सर्वात जास्त व सर्वात कमी नाडीतला फरक बघतात. १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक ठीक, १० किंवा कमी असेल तर बिघाड, मधलं काठावरचं. वय लक्षात घेऊनच याचा अर्थ लावायचा असतो, म्हणून ही तपासणी डॉक्टरांकडेच करून घ्यावी.

ती महत्त्वाची एवढ्यासाठी की या नसा झिजल्यावर हार्ट अॅटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसती धाप, घाम किंवा गळाठा एवढंच जाणवतं. मधुमेह जुना असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, बसल्या जागी नाडी शंभरच्या आसपास राहत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. सोबत वहीतला महिन्याचा आलेख आणि चालू गोळ्यांची यादी न्या. आणि छातीत दुखणं, अचानक धाप, चक्कर येऊन पडणं यांपैकी काही झालं, तर घड्याळात काय दिसतंय ते बघत न बसता १०८ ला फोन करा.